गाडलेल्या तेलाचा पंचनामा

कॅलिफोर्नियात एखाद्या गावाने नवी वसाहत किंवा रस्तारुंदी काढली आणि तिचा पर्यावरण अहवाल हरकती-सूचनांसाठी खुला झाला, की कधीकधी शेवरॉन या तेल कंपनीच्या पर्यावरण विभागाचं पत्र नगरपालिकेत येऊन पडतं. आशय साधारण असा: तुमच्या प्रकल्पाजवळून पूर्वी आमच्या जुन्या तेलवाहिन्या जात होत्या. एक ‘ओल्ड व्हॅली पाइपलाइन’, बाकीच्या टाइडवॉटर असोसिएटेड ऑइल कंपनीच्या. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांतून सॅन वाकीन खोऱ्याच्या दक्षिण टोकाचं कच्चं तेल सॅन फ्रान्सिस्को उपसागराकडे जायचं. ओल्ड व्हॅली १९४०च्या दशकात बंद झाली, टाइडवॉटरच्या वाहिन्या १९७०च्या दशकात. काही ठिकाणी पाइप काढून नेले, काही ठिकाणी जमिनीतच राहिले. वापरात नसल्यामुळे भूमिगत सेवांच्या आजच्या नोंदींत त्या सापडणार नाहीत. खोदकामात जुन्या तेलाने काळवंडलेली माती लागू शकते, पाइपावर ॲस्बेस्टसचं वेष्टन निघू शकतं. मात्र गळतीच्या अनेक जागांची जोखीम तपासून झाली आहे आणि ती माती धोकादायक वर्गात मोडत नाही.

बंद होऊन पन्नास-ऐंशी वर्षं झालेल्या वाहिनीचा मार्ग कंपनी स्वतः कळवते, ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्याकडे एखाद्या ग्रामपंचायतीला असं पत्र आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण याच पत्रात खरी अडचणही आहे. वाहिनी कुठून गेली हे कंपनीला ठाऊक, तपासण्यांचा हवाला कंपनी देणार आणि ‘धोका नाही’ हा निर्वाळाही तिचाच. नगरपालिकेच्या हातात उरतं ते पत्राला आवक क्रमांक देणं.

जमीन आणि भूजल किती बिघडलं आहे याचा तपास प्रयोगशाळेत सुरू होतो, असं आपण धरून चालतो. बाटली दिली, अहवाल आला, आकडा मर्यादेच्या आत निघाला, विषय मिटला. माझं म्हणणं असं, की बाटली भरण्याच्या कितीतरी आधी निकाल बराचसा ठरून गेलेला असतो. खड्डा कुठे घ्यायचा, पाण्यात कोणता पदार्थ शोधायचा आणि किती वर्षं शोधत राहायचं, हे ठरवणाराच निष्कर्षही ठरवत असतो. म्हणून हे निर्णय तेल वाहून नेणाऱ्याच्या हाती ठेवणं चूक आहे. मग तो कितीही सचोटीचा असो.

पहिला निर्णय कागदाचा. स्टँडर्ड ऑइलने कर्न नदीच्या तेलक्षेत्रापासून रिचमंडच्या शुद्धीकरण कारखान्यापर्यंत आठ इंची वाहिनी टाकली ती १९०३ मध्ये पुरी झाली. ते तेल इतकं जड होतं, की ते तापवून टप्प्याटप्प्यावरच्या पंपांनी पुढे ढकलावं लागे. अशा वाहिनीत गळतीच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात: सांधे, झडपा, पंपघराचं आवार, ओढ्यानाल्याची ओलांडणी. त्या काळी सांध्यातून तेल झिरपलं तर वर माती ओढून पुढे जाणाऱ्याला जाब विचारणारा खास कायदा नव्हता. पुढे अशा वाहिन्यांचे मालक बदलत गेले. टाइडवॉटर गेटी ऑइलमध्ये विलीन झाली, गेटी १९८४ मध्ये टेक्सकोने घेतली आणि टेक्सको २००१ मध्ये शेवरॉनमध्ये गेली. दर विक्रीत मालमत्तेची यादी नीट उतरवून घेतली जाते. पण १९२५ साली अमुक मैलावर सांधा फुटला होता ही गोष्ट नोंदवहीत नसेल, तर ती कुणाच्याच यादीत उतरत नाही. ती शोधायची तर जुने मोजणी-नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रं, भाडेकरार आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी एकत्र ठेवून बघावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण यंत्राने भोकं पाडण्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. मार्ग वीस मीटर इकडेतिकडे धरला तर वीस भोकं कोरडी जातात आणि अहवालात लिहिलं जातं: काही आढळलं नाही.

या कागदामागे कायद्याचं बळ असावं अशी अपेक्षा असते. अमेरिकेत विषारी जागांच्या सफाईसाठी ‘सुपरफंड’ म्हणून ओळखला जाणारा कायदा १९८० मध्ये झाला. जुना मालक असो वा नवा, सफाईचा खर्च वसूल करण्याची जबर ताकद त्यात आहे. पण ‘घातक पदार्थ’ या शब्दाच्या व्याख्येतून कच्चं तेल आणि पेट्रोलियम त्याच कायद्याने वगळलं. जगातल्या सर्वांत वापरातल्या प्रदूषकाला त्या शतकातल्या सर्वांत कडक कायद्याच्या दाराबाहेर उभं केलं. मग जमिनीत मुरलेल्या तेलाचा प्रश्न बराचसा राज्यांच्या नियमांवर आणि कंपन्यांच्या स्वेच्छेवर येऊन पडला. एखाद्या राज्यात हुशार, चिवट अधिकारी असतील तर काम होतं. नसतील तर भिजत घोंगडं पडून राहतं.

आता प्रत्यक्ष जमिनीवर. पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल पाण्याहून हलकं असतं. गळलेलं तेल मातीतून खाली उतरतं, वाटेत मातीच्या कणांना चिकटत जातं आणि भूजलाच्या पातळीवर पोहोचलं की तिथे तरंगत पसरतं. त्यातले बेंझीनसारखे घटक पाण्यात विरघळून प्रवाहाबरोबर पुढे सरकतात, तर काही वाफ होऊन वर येतात आणि घरांच्या तळघरांत शिरतात. त्यामुळे निरीक्षण विहीर कशी बांधली यालाच महत्त्व येतं. विहिरीच्या नळीला जिथे जाळी असते तो भाग पाण्याच्या पातळीच्या खाली आणि वर असा दोन्हीकडे हवा. जाळी पूर्णपणे पाण्याखाली बसवली तर वर तरंगणारं तेल नळीत शिरतच नाही. विहिरीतून स्वच्छ पाणी निघतं, आणि बाहेर दोन हातांवर तेलाचा थर असतो. हे बुद्ध्या करायची गरज नसते. पावसाळ्यात विहीर खणली आणि उन्हाळ्यातली पातळी लक्षात घेतली नाही, किंवा याच्या उलट झालं, तरी पुरतं.

नमुना घेण्याची रीतही बघण्यासारखी आहे. बेंझीन उडून जाणारं असल्यामुळे चाळीस मिलिलिटरची छोटी काचेची कुपी पाण्याने इतकी भरायची, की तोंडावर पाण्याचा फुगवटा उभा राहिला पाहिजे. मग झाकण हलकेच सरकवत घट्ट फिरवायचं, कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारायची आणि आत बुडबुडा दिसतो का बघायचा. बुडबुडा दिसला तर ती कुपी टाकून नवी घ्यायची, कारण बेंझीन त्या हवेत निसटतं आणि पाण्यात कमी सापडतं. जंतूंनी वाटेत तेल खाऊ नये म्हणून आम्लाचे थेंब आधीच घातलेले असतात, आणि कुपी बर्फातून न्यायची असते. हीच विहीर कुणी बादलीने उपसली, प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरलं आणि ती उन्हात जीपच्या मागच्या सीटवर तासभर ठेवली, तर अहवालात विहीर स्वच्छ निघेल. खोटेपणा कुठेही झालेला नसेल, सही-शिक्के सगळे खरे असतील.

आपल्या गावांत एक प्रश्न वारंवार येतो म्हणून सांगतो. विहिरीवर तेलकट, इंद्रधनुषी तवंग दिसला की लोक घाबरतात. पण लोहयुक्त पाण्यात वाढणाऱ्या जंतूंचाही असाच तवंग येतो. त्यात काडी फिरवली तर जंतूंचा तवंग तुटून त्याचे कोनाकोनांचे तुकडे होतात. तेलाचा तवंग फाटला तरी पुन्हा एकत्र येतो. ही पहिली चाचणी कुणालाही करता येते आणि तक्रार करण्याआधी ती जरूर करावी. तपासाचा हक्क मागणाऱ्याने अचूकही असायला हवं.

काय शोधायचं आणि किती काळ शोधायचं, याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी गावाजवळच्या एका रानात मिळाला. २० ऑगस्ट १९७९ रोजी गावाच्या वायव्येला सुमारे १६ किलोमीटरवर कच्च्या तेलाची वाहिनी फुटली आणि जवळजवळ १७ लाख लिटर तेल बाहेर पडलं. काही जमिनीवर फवारलं गेलं, काही खोलगट भागात साठलं. साठलेलं तेल पंपाने उपसलं, चर खणले, काही जाळलं, काही माती उचलून नेली. एवढं करूनही सुमारे ४ लाख लिटर तेल हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूत मुरलं आणि भूजलावर जाऊन थांबलं.

एरवी ही कथा इथेच संपली असती. पण १९८३ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने ती जागा संशोधनासाठी घेतली आणि आज चार दशकं उलटली तरी तिथलं मोजमाप चालू आहे. वाहिनीची मालक कंपनी, राज्याचं प्रदूषण नियंत्रण खातं आणि जिल्हा प्रशासन या कामात पुढे सहभागी झाले. मेरी जो बेडेकर, इझाबेल कोझारेली, बार्बरा बेकिन्स अशा शास्त्रज्ञांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा काळ त्या एकाच रानातल्या पाण्यासाठी दिला. मला या माणसांविषयी अपार आदर वाटतो. एका गळतीचा पाठपुरावा इतकी वर्षं करण्यात झटपट कीर्ती मिळत नाही.

त्यांना आधी जे दिसलं ते दिलासा देणारं होतं. मातीतले जंतू तेल खातात. आधी पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग वाळूच्या कणांवरच्या लोहाच्या गंजाचा वापर करून श्वास घेतात आणि तोही सरला की मिथेन तयार करत तेल फोडत राहतात. ऑक्सिजनविना बेंझीन फुटणं अवघड, असा तोवरचा समज होता, तो इथल्या निरीक्षणांनी मोडला. बेंझीनचा पट्टा तेलाच्या साठ्यापासून काही शे मीटरच्या आतच थांबलेला आढळला. यातून ‘नैसर्गिक क्षयावर देखरेख’ हा सफाईचा मार्ग जगभर मान्य झाला: सगळं खणून काढण्याऐवजी निसर्गाला काम करू द्यावं आणि विहिरींतून नजर ठेवावी. हा मार्ग कंपन्यांना आवडणं साहजिक होतं, कारण तो स्वस्त आहे. पण तो शास्त्रीयदृष्ट्याही खरा होता, हे मान्य केलं पाहिजे. राज्याच्या आग्रहाने १९९९ ते २००४ दरम्यान तिथे पुन्हा तेल उपसलं तेव्हा एक लाख लिटरहून थोडं जास्त तेल निघालं, आणि तरीही विहिरींत तेल राहिलंच. पंपाने वाळूतलं तेल पुरतं निघत नाही.

पण मोजणारे तिथेच थांबले नाहीत. जंतूंनी लोहाचा गंज वापरला तेव्हा त्या गंजाला हजारो वर्षं चिकटून बसलेलं नैसर्गिक आर्सेनिक सुटं झालं. तेलात ते नव्हतं, वाळूतच होतं. तेलाने फक्त त्याची बेडी तोडली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या पट्ट्यातल्या पाण्यात आर्सेनिक लिटरला २३० मायक्रोग्रॅमपर्यंत आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा १० आहे. त्या पट्ट्याच्या पुढच्या टोकाला, जिथे लोह पुन्हा गंजतं, तिथे हे आर्सेनिक परत अडकतं. पण वाळूतला गंज संपत जाईल तसा पट्टा हळूहळू पुढे सरकतो. आणखी एक गोष्ट दिसली. जंतूंनी अर्धवट खाल्लेल्या तेलाचे अवशेष, म्हणजे आम्लं आणि त्यांसारखे पाण्यात सहज मिसळणारे पदार्थ, मूळ हायड्रोकार्बनपेक्षा पाण्यात कितीतरी जास्त प्रमाणात होते आणि बेंझीनच्या पट्ट्यापलीकडे पोहोचले होते.

आता विचार करा. १९९५ मध्ये कुणी सल्लागार तिथे गेला असता, बेंझीन आणि त्याची तीन भावंडं मोजून ‘पट्टा स्थिर आहे, क्षय चालू आहे’ असं लिहून आला असता, तर त्याचा शब्दन् शब्द खरा असता. त्या अहवालावर फाइल बंदही झाली असती. आर्सेनिक मात्र पाण्यात असतं. त्याची विचारणाच झाली नव्हती, एवढंच.

हाच वाद कॅलिफोर्नियात एका साध्या दिसणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पायरीवर झडला. पाण्यातलं एकूण डिझेल-श्रेणीचं तेल मोजताना ते आधी द्रावकात उतरवून घेतात. मापनयंत्रात घालण्याआधी तो अर्क सिलिका जेलमधून गाळायचा की नाही? गाळला तर ते अर्धवट खाल्लेले अवशेष जेलला चिकटून मागे राहतात आणि आकडा खाली येतो, कधीकधी शून्याजवळ. तेल उद्योगाच्या बाजूच्या तज्ज्ञांचं म्हणणं होतं, की हे अवशेष म्हणजे तेल नव्हे, त्यांत पालापाचोळ्याचे नैसर्गिक पदार्थही मिसळलेले असतात आणि त्यांचा विषारीपणा कमी असतो. सॅन फ्रान्सिस्को उपसागर विभागाच्या पाणी नियामक मंडळाने उलट भूमिका घेतली: गळतीच्या जागी हे पदार्थ तेलापासूनच आलेले आहेत, म्हणून ते गाळून टाकू नका, मोजा. मी मंडळाच्या बाजूचा आहे. अवशेष निरुपद्रवी असतील तर तसं दाखवायची जबाबदारी गळती करणाऱ्याची. त्यांना मोजणीतूनच वगळून नव्हे, मोजून आणि तपासून दाखवावं. एकाच विहिरीतल्या एकाच पाण्याचे दोन आकडे निघतात आणि दोन्ही प्रमाणित प्रयोगशाळेचे असतात. अशा वेळी चाचणीची निवड हा शासनाचा निर्णय असला पाहिजे, पैसे देणाऱ्याचा नाही.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जमिनीत तेलाचा डाग सापडला म्हणजे माणसाला इजा झालीच असं नव्हे. कर्न नदीचं जड तेल शंभर वर्षांत डांबरासारखं घट्ट होतं, पाण्यात फारसं विरघळत नाही आणि लांब जात नाही. शेवरॉनच्या पत्रातला निर्वाळा त्या तेलापुरता बराच पटण्याजोगाही आहे. प्रत्येक काळ्या मातीच्या ढिगासाठी शेकडो ट्रक रस्त्यावर आणले, ती माती दुसऱ्या गावाच्या कडेला नेऊन टाकली, तर भलं कुणाचं झालं? सरकारचा पैसा मर्यादित आहे, तो शिशाच्या धुरावर किंवा गावच्या सांडपाण्यावर आधी लागावा, हे म्हणणंही रास्त आहे. मला हे सगळं मान्य आहे. मी प्रत्येक जागा उकरायला सांगत नाही. मी म्हणतो ते एवढंच, की ‘उकरू नका’ हा सल्ला ज्या माहितीवर द्यायचा, ती माहिती दोन्ही बाजूंना सारखी मिळाली पाहिजे आणि सल्ला चुकला तर तो बदलता येईल इतकी वर्षं विहिरी चालू राहिल्या पाहिजेत. बेमिजीत नैसर्गिक क्षयावर विसंबणं चाललं ते तिथे नजर होती म्हणून. नजर काढून घेऊन तोच शब्द वापरला, तर ते हात झटकणं झालं.

आपल्या देशात हे प्रश्न दूरचे राहिलेले नाहीत. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात बोअरच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला आणि पाण्यावर तेल दिसू लागलं. बंदरापासून डेपोपर्यंत दाट वस्तीखालून जाणाऱ्या भारत पेट्रोलियमच्या जुन्या वाहिनीतून गळती होत होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. गळतीचा पहिला छडा लावला तो रोज हापसा मारणाऱ्या बायामाणसांच्या नाकाने. आपल्याकडे साताऱ्याच्या फलटण तालुक्यात २०२१ मध्ये इंधनवाहिनीला चोरांनी भोक पाडलं आणि पेट्रोल शेतात, विहिरींत उतरलं. चोर पकडले जातात, वाहिनी दुरुस्त होते, बातमी जुनी होते. ज्याच्या विहिरीत पेट्रोल गेलं त्याचा प्रश्न मात्र तेव्हा कुठे सुरू झालेला असतो.

आणि तो प्रश्न आपल्या भूमीत जास्त अवघड आहे. बेमिजीत वाळू आहे, पाणी तिच्यातून सगळीकडे सारखं सरकतं, पट्टा नकाशावर काढता येतो. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली बेसॉल्टचा कातळ आहे. वर माती, मग मुरूम, मग तडे गेलेला खडक, मग सलग पाषाण. पाणी भेगांतून धावतं. दोन विहिरी पन्नास पावलांवर असल्या तरी त्यांचे झरे वेगळे असू शकतात, हे आपल्या पाणाड्यांपासून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. अशा कातळात तेल भेगेच्या वाटेने जातं, शेजारची विहीर सोडून तिसऱ्या शिवारात निघतं. त्यात आपल्याकडे वैशाखात आणि भाद्रपदात पाण्याच्या पातळीत कित्येक मीटरचा फरक पडतो. उन्हाळ्यात पातळीबरोबर तेल खाली उतरतं आणि भेगांच्या भिंतींना माखत जातं. पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा त्यातलं बरंच पाण्याखाली अडकून राहतं आणि विहिरीत तवंग कमी दिसतो. सप्टेंबरमध्ये घेतलेल्या एका नमुन्यावर विहिरीला प्रमाणपत्र दिलं, तर एप्रिलमध्ये तेच कुटुंब पुन्हा वासाचं पाणी उपसत बसेल. इथे निदान दोन वर्षांचे सर्व ऋतू मोजल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

शेतकऱ्याचा कायदेशीर आधार मात्र तोकडा आहे. इंधनवाहिन्यांसाठी आपल्याकडे १९६२ चा कायदा आहे. त्यात जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते आणि सरकार किंवा कंपनी फक्त वापराचा हक्क घेते. त्याबद्दलचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. पीक, झाडं यांच्या नुकसानीची भरपाई वेगळी. बदल्यात त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर-तळं खणायचं नाही, झाड लावायचं नाही. सातबाऱ्यावर इतर अधिकारांच्या रकान्यात वाहिनीची नोंद होते. म्हणजे ‘इथून वाहिनी गेली’ हे सांगणारा एक सार्वजनिक कागद आपल्याकडे गावोगाव आधीपासून आहे. कॅलिफोर्नियातल्या नगरपालिकेकडे नसलेली गोष्ट आपल्या तलाठ्याच्या दप्तरात आहे! तिचा उपयोग मात्र आपण फक्त शेतकऱ्याला अडवण्यासाठी करतो. त्याच रकान्यात वाहिनीतून काय वाहतं, कोणत्या साली टाकली, कधी फुटली, कधी बंद झाली आणि पाइप आत आहे की काढला, एवढ्या चार ओळी का येऊ नयेत? वाहिनी बंद झाल्यावर ती नोंद खोडून टाकण्याऐवजी ‘बंद’ असा शेरा मारून कायम ठेवावी. जमीन विकत घेणाऱ्याला, तिथे बोअर पाडणाऱ्याला, पन्नास वर्षांनी तिथे शाळा बांधणाऱ्याला ती दिसली पाहिजे.

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागा कळवायच्या, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरावीक मुदतीत प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी करायची, जबाबदार कोण ते शोधायचं आणि सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा, अशी त्यांची रचना आहे. इतकी वर्षं हा सांगाडाच नव्हता, म्हणून मी या नियमांचं मनापासून स्वागत करतो. पण तपासाला मुदत आहे आणि सफाई पुरी करायला नाही, ही त्यांतली उणीव मोठी आहे. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाराच खर्च देईल असा निकाल दिला. आणि २०११ मध्ये, पंधरा वर्षांनी, त्याच न्यायालयाला ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरा असं बजावावं लागलं. पंधरा वर्षांत एक पिढी त्या पाण्यावर वाढते.

तेव्हा नियमांच्या अंमलबजावणीत काही गोष्टी आत्ताच घालायला हव्यात. चालू आणि बंद, सर्व इंधनवाहिन्यांची गट क्रमांकनिहाय यादी जिल्ह्याच्या संशयित जागांच्या कामाचा पाया व्हावी. नमुना घेताना विहिरीच्या मालकासमोर दोन कुप्या भराव्यात आणि दुसरी त्याच्या पसंतीच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जावी, तिचा खर्च वाहिनीच्या मालकाने द्यावा. तपासायच्या पदार्थांची यादी मंडळाने ठरवावी आणि तीत लोह, मँगनीज, आर्सेनिक आणि अर्धवट विघटनाचे अवशेष असावेत. अहवाल मराठीतून ग्रामसभेपुढे ठेवला जावा.

राहिला पैसा. बेमिजीसारखी चार दशकांची नजर फुकट पडत नाही. अमेरिकेत गळक्या भूमिगत टाक्यांच्या सफाईसाठी इंधनावर गॅलनमागे सेंटचा दहावा भाग कर १९८७ पासून घेतला जातो. इतक्या बारीक कराचा बोजा कुणाला जाणवत नाही, पण त्यातून निधी उभा राहतो. आपल्याकडे कोळसा खाणींना खाण बंद करण्याच्या खर्चाची रक्कम आधीपासून वेगळ्या खात्यात भरावी लागते. खाण एक दिवस संपणार हे सरकारने तिथे मान्य केलं आहे. वाहिनीही एक दिवस संपते. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाने नवी वाहिनी मंजूर करतानाच तिच्या बंद होण्याची, जमीन-पाणी तपासून देण्याची आणि नंतरच्या वीस वर्षांच्या देखरेखीची ठेव मागावी. ज्या वाहिन्या आज चालू आहेत त्यांच्याकडून ती दर लिटरमागे घ्यावी, आणि ज्या बंद होऊन जमिनीत पडून आहेत त्यांच्या आजच्या मालकांकडून एकरकमी.